विश्लेषण : संसदेत गाजले १२ लाख, आंबीच्या पगारपत्रकात मात्र १५ हजार आणि २१ हजारांचाच हिशेब!

प्राप्तिकराचा नवा कायदा आणि सामाजिक सुरक्षा संहिता या दोन्ही सुधारणा २०२५ मध्ये मार्गी लागल्या. मात्र, औद्योगिक पट्ट्यातील कामगाराच्या विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा निर्णय ज्या दोन आकड्यांवर ठरतो, ते आकडे वर्षानुवर्षे जागचे हललेले नाहीत. असे का झाले, याचा आढावा…

वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, ही २०२५ च्या अर्थसंकल्पातील सर्वाधिक गाजलेली घोषणा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १९६१ चा प्राप्तिकर कायदा मोडीत काढून नवा कायदा मंजूर झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभरात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. भविष्य निर्वाह निधी (पीएफ), कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), ग्रॅच्युइटी आणि प्रसूती लाभ आता या एकाच कायद्याखाली आले आहेत.

या दोन सुधारणांचा खरा परिणाम पाहायचा तर तो मावळ तालुक्यातील आंबीसारख्या गावात पाहावा लागतो. तळेगाव दाभाडेजवळचे हे गाव तळेगाव औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यात येते. आंबी, नवलाख उंबरे, बधलवाडी या भागात वाहन उद्योग, सुटे भाग, यंत्रसामग्री यांचे कारखाने आणि फुलशेतीची हरितगृहे आहेत. कायम कामगार, कंत्राटी कामगार, फिक्स्ड टर्मवरचे, प्रशिक्षणार्थी आणि संध्याकाळी डिलिव्हरी करणारे, असे सगळे इथे एकाच रस्त्याने कामावर जातात. पण कायदा या प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

१२ लाखांचा फायदा नेमका कोणाला झाला?

नव्या करप्रणालीत २०२४-२५ मध्येच ७ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर द्यावा लागत नव्हता. नोकरदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा ७ लाख ७५ हजार होत होती. २०२५-२६ पासून ती १२ लाख आणि नोकरदारांसाठी १२ लाख ७५ हजार झाली.

याचा सरळ अर्थ असा, की ज्यांचा पगार वर्षाला ७ लाख ७५ हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला साधारण ६४,५८३ रुपयांपेक्षा कमी होता, त्यांना या बदलाने नवे काहीच मिळाले नाही. नव्या प्रणालीत त्यांचा कर आधीही शून्य होता, आताही शून्यच आहे. मोठा फायदा १२ लाखांच्या आसपास करपात्र उत्पन्न असणाऱ्यांना झाला. त्यांचा उपकर वगळून ८० हजार रुपयांचा कर वाचला.

या करकपातीमुळे सरकारला सुमारे १ लाख कोटी रुपयांच्या प्रत्यक्ष कर महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पीय भाषणात सांगितले होते. आंबीच्या पट्ट्यात हा फायदा अभियंते, व्यवस्थापक आणि जुन्या कायम कामगारांपैकी काहींपर्यंत पोहोचला. महिन्याला २०-२५ हजार रुपये मिळवणारा कामगार या चर्चेत कुठेच नव्हता. त्याचे वर्षाचे उत्पन्न ३ लाखांच्या आसपास. कराचा पहिला टप्पाच मुळी ४ लाखांच्या पुढे सुरू होतो.

मग त्याच्या पगारातून कापले काय जाते?

मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, पीएफ. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कामगाराकडून आणि तितकेच मालकाकडून. दुसरी, ईएसआय. वेतनाच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून. हे दर जुलै २०१९ पासून आहेत. तिसरी, राज्याचा व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिना १० हजारांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुष कामगाराला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये हा कर भरावा लागतो. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे.

म्हणजे प्राप्तिकर शून्य असलेल्या कामगाराच्याही पगारातून महिन्याला दोन हजारांच्या घरात रक्कम वजा होऊ शकते. यातला पीएफ आणि ईएसआयचा भाग हा कर नाही. ती त्याची बचत आणि त्याचा विमा आहे. म्हणूनच त्याच्यासाठी प्राप्तिकराच्या टप्प्यांपेक्षा सामाजिक विम्याचे नियम अधिक मोलाचे ठरतात.

१५ हजार आणि २१ हजार हे आकडे काय आहेत?

या दोन वेतनमर्यादा आहेत. पीएफसाठी १५ हजार आणि ईएसआयसाठी २१ हजार.

पीएफची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी ६,५०० वरून १५ हजार झाली. १५ हजारांपेक्षा जास्त वेतनावर पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला पीएफ देणे मालकावर बंधनकारक नाही. आधीपासून सदस्य असलेल्यांसाठीही अनेक कंपन्या फक्त १५ हजारांवरचा, म्हणजे १,८०० रुपयांचा हिस्सा भरतात.

निवृत्तिवेतनावर या मर्यादेचा परिणाम आणखी थेट होतो. मालकाच्या हिश्शातील ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन योजनेत जाते, पण तीही १५ हजारांच्या वेतनावरच मोजली जाते. त्यामुळे महिन्याला कमाल १,२५० रुपये जमा होतात. पुढे निवृत्तिवेतन काढताना वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे सूत्र वापरले जाते. मर्यादेवर ज्याची १५ वर्षे सेवा झाली, त्याचा हिशेब १५,००० × १५ ÷ ७०, म्हणजे महिन्याला सुमारे ३,२१४ रुपये. त्याचा शेवटचा पगार ३० हजार होता की ४० हजार, याने सामान्यतः फरक पडत नाही. योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे.

ईएसआयची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार आहे. त्याआधी ती १५ हजार होती.

पगार वाढला आणि विमा गेला, असे का होते?

दोन्ही मर्यादा वेगळ्या पद्धतीने काम करतात. पीएफमध्ये एकदा सदस्य झालेला कामगार पगार वाढल्यावरही सदस्य राहतो. ईएसआयमध्ये तसे नाही. वेतन २१ हजारांच्या पुढे गेले, की तो कामगार योजनेबाहेर जातो. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन सहामाही कालखंड असतात. मध्येच पगार वाढला तर चालू कालखंड संपेपर्यंत वर्गणी सुरू राहते आणि त्यामागून येणाऱ्या लाभ कालखंडापर्यंत लाभ मिळतात. त्यानंतर विमा बंद.

यात जाते काय? ईएसआयमध्ये कामगारासह त्याच्या कुटुंबाच्या उपचारांचा खर्च योजना करते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. महिला कामगारांना २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. कामावर अपंगत्व आले तर वेतनाच्या ९० टक्के आणि मृत्यू झाला तर कुटुंबाला तितकेच मासिक लाभ मिळतात. पिंपरी-चिंचवड आणि तळेगाव परिसरातील विमाधारकांसाठी चिंचवडच्या मोहननगरमध्ये राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे.

दुसरीकडे, महाराष्ट्रातील किमान वेतनाचा विशेष भत्ता महागाईनुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. म्हणजे पगार महागाईसोबत सरकतो आणि विम्याची मर्यादा मात्र नऊ वर्षे तिथेच उभी. २०१७ मध्ये २१ हजार मिळवणारा आणि २०२६ मध्ये २१ हजार मिळवणारा कामगार यांची ऐपत सारखी नाही. तरीही कायद्याच्या लेखी दोघे एकाच रेषेवर आहेत. वर्षाअखेरीस मिळालेली ५०० रुपयांची पगारवाढ एखाद्याला रेषेपलीकडे नेते आणि त्याच्या आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च पुन्हा खिशातून करावा लागतो. ओव्हरटाइमचे पैसे ही मर्यादा मोजताना धरले जात नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

संसदेत या सुधारणांवर चर्चा किती झाली?

दोन्ही कायद्यांचा संसदेतील प्रवास जवळपास एकाच वळणाने गेला.

सामाजिक सुरक्षा संहितेचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते भर्तृहरी महताब यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक स्थायी समितीकडे गेले. समितीने जुलै २०२० मध्ये अहवाल दिला. सरकारने मूळ विधेयक मागे घेऊन १९ सप्टेंबर २०२० रोजी नवे मांडले. २२ सप्टेंबरला लोकसभेने आणि २३ सप्टेंबरला राज्यसभेने ते मंजूर केले. कृषी विधेयकांवरील गोंधळानंतर राज्यसभेतील आठ सदस्य निलंबित झाले होते आणि विरोधी पक्षांनी कामकाजावर बहिष्कार टाकला होता. त्यानंतर कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ गेला.

प्राप्तिकर विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडले गेले. ते बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले. समितीचा अहवाल २१ जुलैला आला. ८ ऑगस्टला सरकारने मूळ विधेयक मागे घेतले, ११ ऑगस्टला सुधारित विधेयक आणले आणि त्याच दिवशी लोकसभेने ते काही मिनिटांत आवाजी मतदानाने मंजूर केले. बिहारमधील मतदार याद्यांच्या फेरतपासणीवरून तेव्हा सभागृहात विरोधकांची घोषणाबाजी सुरू होती. दुसऱ्या दिवशी राज्यसभेची मोहोर उमटली आणि २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली.

थोडक्यात, ५३६ कलमांचा करकायदा आणि नऊ जुन्या कायद्यांची जागा घेणारी संहिता, या दोन्हींवर बारकाईने काम झाले ते समितीच्या बंद दालनात. सभागृहात सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसून कलमागणिक चर्चा करताहेत, असे चित्र दोन्ही वेळी दिसले नाही.

समित्यांमुळे काही बदलले का?

बदलले. प्राप्तिकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात विवरणपत्र मुदतीनंतर भरल्यास परतावा मिळणार नाही, अशी तरतूद होती. प्रवर समितीने ती काढण्याची शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली. मोठ्या करदात्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण कंत्राटदारामार्फत 'तांत्रिक सल्लागार' म्हणून काम करणाऱ्या डिप्लोमाधारक तरुणाचा मोबदल्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. त्याचे उत्पन्न करपात्र नसते. कापलेले पैसे परत मिळवण्याचा त्याच्याकडे विवरणपत्र हाच मार्ग असतो आणि ते भरायला उशीरही अशांनाच होतो.

सामाजिक सुरक्षा संहितेबाबत चित्र वेगळे आहे. ग्रॅच्युइटीसाठी असलेली पाच वर्षांच्या सलग सेवेची अट एक वर्षावर आणावी आणि तिचा लाभ कंत्राटी, हंगामी अशा सर्व प्रकारच्या कामगारांना द्यावा, अशी शिफारस महताब समितीने केली होती. अंतिम कायद्यात एक वर्षाची सवलत फक्त निश्चित मुदतीच्या, म्हणजे 'फिक्स्ड टर्म' कर्मचाऱ्यांना मिळाली. इतर बहुतेकांसाठी पाच वर्षांची अट कायम राहिली.

आंबीसारख्या पट्ट्यात हा फरक कळीचा आहे. कंपनीने थेट लेखी करार करून ठरावीक मुदतीसाठी घेतलेला कामगार 'फिक्स्ड टर्म' असतो. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेला कामगार आपोआप या व्याख्येत बसत नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी कंत्राटदार बदलला, तर त्याची पाच वर्षे पूर्ण होण्याची शक्यता कमीच. आणि शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेले शिकाऊ उमेदवार तर संहितेतील 'कर्मचारी' या व्याख्येतूनच वगळलेले आहेत.

नव्या संहितेने 'वेतन' बदलले म्हणजे काय झाले?

पगारपत्रकावरचा सर्वांत मोठा बदल हाच आहे. आतापर्यंत अनेक कंपन्या मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवत, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते. संहितेनुसार घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, ओव्हरटाइम यांसारखे काही ठरावीक घटकच वेतनातून वगळता येतात. हे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरावी लागते. 'स्पेशल अलाउन्स' हा वगळायच्या यादीत नाही. त्यामुळे तो वेतनातच मोजला जाईल.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. एकूण पगार ३० हजार. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता १४ हजार, घरभाडे भत्ता १० हजार, वाहतूक भत्ता ६ हजार. वगळलेले भत्ते १६ हजार झाले. मर्यादा १५ हजारांची. वरचे १ हजार वेतनात आले आणि वेतन १५ हजार झाले.

• पीएफ : कामगाराचा हिस्सा १,६८० वरून १,८०० रुपये. हातात येणारा पगार १२० रुपयांनी कमी, पण मालकाचाही हिस्सा तेवढाच वाढतो.

• ग्रॅच्युइटी : वर्षाला ८,०७७ ऐवजी ८,६५४ रुपयांचा हिशेब.

• ईएसआय : आधी घरभाडे भत्ताही वेतनात धरला जात असल्याने हा कामगार २१ हजारांच्या बाहेर होता. नव्या व्याख्येनुसार त्याचे वेतन १५ हजार ठरते, म्हणजे तो पुन्हा विम्याच्या कक्षेत येऊ शकतो. त्याची वर्गणी महिन्याला सुमारे ११३ रुपये, तर मालकाची सुमारे ४८८ रुपये होईल.

मर्यादेचा आकडा न बदलता, केवळ व्याख्या बदलल्याने काही कामगारांसाठी विम्याचे दार पुन्हा उघडू शकते, असा याचा अर्थ. अर्थात, हे पगाराच्या रचनेवर अवलंबून आहे. ज्याच्या पगारात मूळ वेतनाचाच वाटा मोठा आहे आणि ते २१ हजारांच्या वर आहे, त्याला याचा उपयोग नाही. शिवाय कंपनीने एकूण खर्च, म्हणजे 'सीटीसी' तेवढाच ठेवून मालकाचा वाढीव हिस्साही त्यातूनच वळता केला, तर हातातला पगार आणखी कमी होईल.

हातातला पगार घटणार, या चर्चेवर केंद्रीय कामगार मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये खुलासा केला होता. ज्यांचा पीएफ आधीपासूनच १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपये कापला जातो, त्यांच्या हातातल्या पगारात फरक पडणार नाही, असे मंत्रालयाने सांगितले. हे बरोबर आहे. पण याची दुसरी बाजू अशी, की मर्यादा तीच असल्याने त्यांची सक्तीची बचतही वाढणार नाही.

कामावर जाता-येताना अपघात झाला तर?

घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीदरम्यानचा मानला जाईल, अशी तरतूद संहितेत आहे. ईएसआयच्या विमाधारकांना हे संरक्षण आधीपासून होते. आता ईएसआयबाहेरच्या, नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली येणाऱ्या कामगारांनाही ते लागू झाले. तळेगाव-चाकण रस्त्यावरून रात्रपाळीसाठी दुचाकीने जाणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

डिलिव्हरी आणि प्रवासी वाहतुकीच्या अॅपवर काम करणाऱ्यांचा उल्लेखही कायद्यात प्रथमच आला. अॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे. मात्र, ती या कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल. त्यांना पीएफ किंवा ईएसआय आपोआप लागू झालेले नाही. त्यांच्यासाठी सरकारने योजना आखायच्या आहेत.

करसवलत आणि बचत यांचा संबंध तुटला का?

पगार वाढून जो कामगार कराच्या कक्षेत येतो, त्याच्यासाठी आणखी एक बदल झाला आहे. जुन्या करप्रणालीत पीएफमधील स्वतःच्या हिश्शावर दीड लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. कमी दर आणि मोठी सवलत देऊन सरकारने करदात्यांना नव्या प्रणालीकडे वळवले. कर कमी झाला, पण कर वाचवण्यासाठी का होईना, होणारी बचत आता ऐच्छिक झाली. अशा वेळी सक्तीच्या बचतीची, म्हणजे पीएफची, मर्यादा किती असावी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

मर्यादा वाढवायला अडचण काय?

ती वाढवण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. आधीही हे आकडे योजनेत आणि नियमांत होते. संहितेनेही वेतनमर्यादा अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारलाच दिला आहे. त्यामुळे प्राप्तिकराच्या टप्प्यांवर दर वर्षी वित्त विधेयकाच्या निमित्ताने चर्चा होते, तशी संधी या मर्यादांच्या वाट्याला येत नाही. खासदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात आणि विषय तिथेच थांबतो.

सरकारची भूमिका अशी, की मर्यादा वाढवल्यास कामगारांच्या हातातील पगार कमी होईल आणि मालकांचा खर्च वाढेल. म्हणून कामगार संघटना आणि उद्योग यांच्याशी सल्लामसलत आवश्यक आहे. यात तथ्य आहे. समजा, पीएफची मर्यादा २५ हजार केली, तर तितके वेतन असलेल्याचा हिस्सा १,८०० वरून ३,००० होईल. घरभाडे आणि मुलांची फी भागवताना महिन्याला १,२०० रुपये कमी पडणे ही लहान गोष्ट नाही. लहान सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यालाही प्रत्येक कामगारामागे तेवढाच बोजा पडेल. निवृत्तिवेतन योजनेत केंद्र स्वतः वेतनाच्या १.१६ टक्के भर घालते, तीही वाढेल.

पण मर्यादा बरीच वर्षे न वाढवता एकदम दुप्पट केल्यामुळेच हा धक्का मोठा होतो. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीची वेतनमर्यादा देशातील सरासरी वेतनवाढीनुसार दर वर्षी आपोआप बदलते. २०२५ मध्ये ती १ लाख ७६ हजार १०० डॉलर होती. आपल्याकडे महागाई भत्ता आणि किमान वेतनाचा विशेष भत्ता निर्देशांकाशी जोडलेला आहे. विम्याची मर्यादा मात्र जोडलेली नाही.

हा प्रश्न नवा नाही. मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्या अहवालाच्या आधारे १९४८ मध्ये ईएसआय कायदा झाला, तेव्हा वेतनमर्यादा महिना ४०० रुपये होती. तेव्हापासून ती वाढत आली, पण प्रत्येक वेळी कधी आणि किती हे सरकारच्या निर्णयावरच अवलंबून राहिले.

पुढे काय?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ मध्ये पीएफच्या वेतनमर्यादेबाबत चार महिन्यांत निर्णय घेण्यास केंद्राला सांगितले होते. किती वाढवायची, हे न्यायालयाने ठरवले नव्हते. संहितेच्या केंद्रीय नियमांचे मसुदे ३० डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाले आणि त्यावर हरकती आणि सूचना मागवण्यात आल्या होत्या. कामगार संघटना, उद्योजक आणि सामान्य कामगारही त्या पाठवू शकत होते.

दरम्यान, कामगारांनी पगारपत्रकात चार गोष्टी पाहाव्यात. नोव्हेंबर २०२५ नंतर वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवले आहेत का? पीएफचा दोन्ही बाजूंचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा होतो का? हे उमंग अॅपवरील पासबुकात दिसते. ईएसआयमधून नाव कमी झाले असेल, तर नव्या व्याख्येनुसार वेतन किती होते, याची विचारणा मनुष्यबळ विभागाकडे करता येते. आणि नियुक्तिपत्र हातात आहे का, त्यावर 'फिक्स्ड टर्म' लिहिले आहे की कंत्राटदाराचे नाव? ग्रॅच्युइटी एका वर्षात मिळणार की पाच वर्षांनी, हे त्या एका ओळीवर ठरणार आहे.